मुंगी शेवटी उठायची

बालवाडी रंगांच्या गोदामावरच्या मजल्यावर होती. खाली दिवसभर डब्यांची आदळआपट, मागेपुढे होणारे ट्रक, हमालांच्या शिव्या. वर मात्र लाकडी फळ्यांच्या जमिनीवर चटया अंथरून पोरं आपापल्या कामात गढलेली. नवीन माणूस जिना चढून आला की दारातच थबकायचा. एवढी पोरं आणि एवढी शांतता, हे गणित त्याला सुटायचं नाही.

ही शांतता ताईची होती. एखाद्या मुलाला काही सांगायचं असेल तर तिने उठायचं, त्याच्यापाशी जायचं, शेजारी मांडी घालून बसायचं आणि तोंडातून अवाक्षर न काढता हाताने करून दाखवायचं. लांबून हाक मारायची नाही, हा तिथला पहिला नियम. काम करणाऱ्या पोराची तंद्री मोडायची नाही, हा दुसरा.

नियम मोठ्या बाईंनी घालून दिले होते. बालवाडी त्यांनीच काढलेली. ताई त्यांच्याकडे आली तेव्हा नुकतंच तिचं लग्न झालं होतं. त्याआधी ती अशा शाळेत शिकवायची जिथे पोरं एका सुरात पाठ म्हणायची आणि ताई टेबलावर पट्टी आपटायची. मोठ्या बाईंनी पहिल्या दिवशी तिला एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "आज काही शिकवू नकोस. नुसती बघ."

ताई बघत राहिली. एक टीचभर पोरगा या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतत होता. सांडलं की फडकं आणून पुसायचा, फडकं पिळायचा, वाळत घालायचा, पुन्हा ओतायचा. शाबासकीसाठी त्याने एकदाही मान वर केली नाही. मन भरल्यावर त्याने पेले जागेवर नेऊन ठेवले आणि चालता झाला. ताईच्या डोळ्यांत पाणी का आलं ते तिलाच कळलं नाही. घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "मी आजवर पोरांच्या आड येत होते हो."

नवरा छापखान्यात कामाला. स्वभावाने थट्टेखोर. पुढे कित्येक वर्षं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे पाणी मागू नका. ही म्हणते, माठ खाली ठेवलाय, तुमचं तुम्ही घ्या, हात शिकेल. माझा हात चांगला शिकलाय, आता स्वयंपाकही येतो." ताई हसायची. त्यांना मूल झालं नाही. आधी वाट बघितली, मग वाट बघणं सुटलं, आणि सगळी माया त्या मजल्यावर चढली.

मोठ्या बाई थकल्या तेव्हा बालवाडी ताईच्या हाती आली. मदतीला एक तरुण शिक्षिका होती, पोरं तिला धाकटी ताई म्हणत. भिंतीलगत बुटकी कपाटं होती, पोरांचा हात पोचेल अशी. त्यांत खुंट्यांचे ठोकळे, बटणं आणि बंद लावायचा सराव करायला कापड ताणून बसवलेल्या चौकटी, मण्यांच्या माळा, खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं. ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं, हवं तितका वेळ करायचं, परत ठेवायचं.

आईबाप कुरकुर करायचेच. शेजारचं पोर अख्खी बाराखडी घडाघडा म्हणतं, आमचं अजून पाणीच ओततंय. ताईचं उत्तर ठरलेलं. "त्याची वेळ तो ठरवेल. आपण घाई केली तर आपलंच समाधान होतं, त्याचं नाही." आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं. खिडकीत बसून नुसते ट्रक बघणारी पोरगी एक दिवस ट्रकांवरची अक्षरं वाचायला लागली होती. अशा गोष्टींचा ताईकडे साठाच होता, आणि त्या सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की समोरच्याची कुरकुर आपोआप विरघळून जायची. लोक म्हणायचे, ताईने सांगितलं ना, मग झालं.

मुंगी आली ती आईच्या कडेवरून. तिची आई कोपऱ्यावरच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत शिवणकाम करायची. कपडे आत घेणं, बाहेर काढणं, चेन बदलणं, असली कामं. बाप लांब पल्ल्याच्या गाडीवर चालक. घरी आला की पाहुण्यासारखा, गेला की आठवणीसारखा. घरात सासू होती, ती गुडघ्यांनी बसलेली.

पोरगी कडेवरून उतरली आणि कुणाकडे न बघता थेट कपाटाशी गेली. एक ताट उचललं, चटईवर आणलं, सगळं मांडलं, सगळं उचललं, परत नेलं. मग दुसरं ताट. दिवसभर तिची अशी ने-आण चाललेली बघून ताईने तिचं नाव मुंगी पाडलं. इतर पोरंही म्हणायला लागली, मग आईही.

तिचे हात म्हणजे काय सांगावं. दुसरी पोरं बटणाशी झटापट करायची, ही बोटाच्या टोकाने बटण असं काही फिरवायची की ते स्वतःहून काजात जाऊन बसावं. खाली रस्त्यावर ट्रकने कर्कश भोंगा वाजवला तरी तिचं लक्ष हलायचं नाही. सगळी पोरं खिडकीकडे बघायची आणि मुंगी आपली मणी ओवत बसलेली. बालवाडी बघायला कुणी आलं की ताई त्यांना हळूच तिच्या चटईजवळ न्यायची. म्हणायची, "एकाग्रता म्हणजे काय ते पुस्तकात वाचलं असेल. इथे बसलीय बघा."

मुंगी बोलत नव्हती. चार-दोन आवाज काढायची, आनंद झाला की एक लांब सूर लावायची, तेवढंच. सासूबाई म्हणायच्या, हिचा बापही उशिरा बोलला, आणि बोलायला लागल्यावरही त्याने काय मोठे दिवे लावले. कोणी जवळ आलं की मुंगी वळून बघायची. जोरात पाय आपटला की दचकायची. त्यामुळे कुणाच्या मनात काही आलं नाही. आलं ते फक्त आईच्या.

एका दुपारी पोरांना न्यायची वेळ होती. आई जिन्यात ताईला अडवून म्हणाली, "ताई, ही हाकेला ओ देत नाही."

"कामात असली की आपण तरी कुठे देतो?" ताई हसून म्हणाली.

"कामात नसली तरी देत नाही."

"तिच्या आत सगळं साठतंय. आधी हात भरतात, मग तोंड उघडतं. थोडा वेळ द्या तिला."

आईने मान हलवली. वेळेशिवाय तिच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. पण पोटातली भीती अशी मान हलवून जात नाही. काही महिन्यांनी ती पुन्हा आली, ती कामाच्या वेळेत, दुकानाला कुलूप लावून. शेजारीण म्हणत होती, एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवून घ्या. "नेऊ का?" तिने विचारलं. आता कुणी म्हणेल, त्यात विचारायचं काय? पण तिने ताईला विचारलं, कारण पोरीबद्दल ताईला तिच्याहून जास्त कळतं अशी तिची खात्री होती. ही खात्री ताईनेच, तिच्याही नकळत, तिला दिली होती.

ताई तिला दारापाशी घेऊन गेली. आत मुंगी आवाजाच्या डब्या घेऊन बसली होती. या डब्या दिसायला एकसारख्या, लाकडी, बंद. एकीत रेती, एकीत धान्य, एकीत खडे, आणि प्रत्येकीची एक जोडीदारीण. पोराने त्या कानाशी हलवायच्या आणि आवाजावरून जोड्या लावायच्या. मोठी पोरंही त्यात फसायची. मुंगीने एक डबी जबड्याखाली, गळ्याला चिकटवून धरली, डोळे मिटले आणि हलवली. ठेवली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. आणि हां हां म्हणता सगळ्या जोड्या अचूक लावून टाकल्या.

ताई आईच्या कानाशी कुजबुजली, "बघितलंत? मला ऐकू येत नाही इतका बारीक फरक तिला कळतो. कान तल्लख आहेत पोरीचे. उगाच दवाखान्यात नेऊन तिला घाबरवू नका."

आईच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं दिसलं. तिने ताईचा हात धरला. सुया टोचून टोचून तिची बोटं खरखरीत झाली होती. "तुम्ही म्हणताय म्हणजे बरं वाटलं," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरून कामाला गेली.

असं आणखी एक वर्ष गेलं, वर काही महिने. मुंगी खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवायला शिकली, मग पाटीवर ती अक्षरं काढायला लागली. सुरेख काढायची. तोंडाने मात्र एकही म्हणायची नाही. ताईला त्यातही काही वावगं दिसलं नाही. माणसाला एकदा एक गोष्ट पटली की डोळे तिच्याच बाजूने साक्ष देत राहतात.

शांततेचा खेळ हा ताईचा लाडका खेळ. खिडक्यांचे पडदे ओढायचे, पोरांनी हालचाल न करता डोळे मिटून बसायचं. ताई शेजारच्या खोलीत जायची आणि दाराआडून, ऐकू येईल न येईल इतक्या हळू, एकेकाचं नाव घ्यायची. नाव ऐकू आलं की त्याने चवड्यांवर, आवाज न करता, उठून यायचं. मुंगीचं नाव ताई नेहमी शेवटी घ्यायची. सगळ्यांत जास्त वेळ थांबण्याचा मान तिचा, कारण धीर तिच्याएवढा कुणातच नव्हता. सगळी पोरं निघून जायची, रिकाम्या खोलीत एकटी मुंगी उरायची, ताई तिचं नाव घ्यायची, आणि मुंगी उठून यायची. ताई तिला मिठीत घ्यायची.

एकदा पोरांनी कुरकुर केली. एक फटकळ पोरगी म्हणाली, "मुंगीच का नेहमी शेवटी? तिला तर माहीतच असतं." ताईला ते पटलं. म्हणून त्या दिवशी तिने मुंगीचं नाव मध्येच घेतलं.

कुणी आलं नाही.

ताईने पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्याने. आत कुणीतरी फिसकन हसलं. तिने तिसऱ्यांदा, नेहमीच्या आवाजात, हाक मारली आणि दाराच्या फटीतून बघितलं. मुंगी अर्धवट मिटलेल्या पापण्यांआडून आजूबाजूला बघत होती. कोण उठतं, कोण उरतं, यावर तिची नजर होती. शेजारच्या पोरीने तिला कोपर मारलं, तेव्हा ती गडबडून उठली आणि धावत आली, वेळेवर आल्यासारखी हसत.

ताईने तिला जवळ घेतलं नाही. तिचे हात उठलेच नाहीत.

खेळ तिने कसाबसा संपवला. पोरं आपापल्या चटयांवर गेली. मुंगी पाठमोरी बसली होती. ताई जिथे होती तिथेच उभी राहिली आणि तिने मुंगीला हाक मारली. त्या खोलीत इतक्या वर्षांत कुणी अशी हाक मारली नव्हती. सगळ्या माना वळल्या, एक सोडून. ताईने मोठ्याने टाळी वाजवली. कपाटावरची घंटा घेऊन वाजवली. एक लहानगं पोर घाबरून रडायला लागलं. धाकटी ताई धावत आली, म्हणाली, "काय झालं?" ताईने एक पाय उचलून जमिनीवर आपटला, आणि लाकडाच्या फळ्या थरथरल्या तशी मुंगी वळली.

फळ्या. जबड्याखाली धरलेली डबी. सगळं तिथेच, डोळ्यांसमोर मांडलेलं होतं. पोरगी ऐकत नव्हती, हाडांनी ओळखत होती. आणि ताई एवढी वर्षं हाक न मारता, न बोलता, हातानेच शिकवत राहिली होती. बहिऱ्या पोरीचं बहिरेपण लपवायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. ताई भिंतीला धरून खाली बसली.

संध्याकाळी ती जिन्याखालच्या खोलीत गेली. आई मशीनवर होती. पायाखाली कापडाच्या चिंध्या, भिंतीवर दोऱ्यांची रिळं. मुंगी टेबलाखाली बसून चिंध्यांची रंगांप्रमाणे वाटणी करत होती.

"बसा ना ताई. आज इकडे कशा?"

ताईने उभ्यानेच सांगितलं. कुठेही मऊ न करता सांगायचं ठरवून आली होती, तरी तिची जीभ दोनदा अडखळली.

मशीनचा आवाज थांबला नाही. आई शिवण संपेपर्यंत शिवत राहिली, कारण मध्येच सोडली तर कापड चुरगळतं. मग तिने दोरा तोडला, सुई वर घेतली आणि हात मांडीवर ठेवले.

"तुम्ही म्हणाला होतात, कान तल्लख आहेत."

"हो."

"मी सगळ्यांना सांगितलं ते. सासूबाईंना सांगितलं. ह्यांना फोनवर सांगितलं. शेजारीण मागे लागली होती, तिच्याशी मी भांडले, ताई. अजून आम्ही बोलत नाही."

"उद्याच जाऊ या डॉक्टरकडे," ताई म्हणाली. "मी येते बरोबर."

"या," आई म्हणाली. त्या शब्दात राग नव्हता. राग असता तर ताईला धरायला काहीतरी मिळालं असतं.

कानांची तपासणी एका छोट्या खोलीत झाली. भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, मध्ये काच. काचेपलीकडे मुंगी मोठाले हेडफोन घालून बसली होती आणि दिलेल्या खेळण्याशी रमून खेळत होती. दोघी बायका अलीकडे बघत उभ्या. डॉक्टर भला माणूस होता, घाईत असला तरी. कागदावरच्या रेघा दाखवून त्याने समजावलं, की काही जाड, खालच्या पट्टीतले आवाज थोडे पोचतात, माणसाच्या बोलण्याचा मुलूख मात्र जवळजवळ कोरा आहे. मग त्याने तो प्रश्न विचारला. "आधी का नाही आणलंत?"

आईने ताईकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी थांबवलं त्यांना," ताई म्हणाली.

दोष कुणाचा यात डॉक्टरला रस नव्हता. तो म्हणाला, "मेंदू बोलणं पकडतो ती सुरुवातीची वर्षं असतात. ती बरीचशी गेली. कानाला यंत्र लावू. काही फायदा होईल. किती, ते आज सांगता येणार नाही. पण फार आशा ठेवू नका, आणि यापुढे उशीर करू नका."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईने मुंगीला कडेवर घेतलं. पोरगी आता कडेवर घेण्याएवढी लहान राहिली नव्हती, तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. तरी रस्ताभर आईने तिला खाली ठेवलं नाही.

यंत्र आलं. ते लावून मुंगी बालवाडीत आली, आणि जी जागा तिला जगात सगळ्यांत आवडायची तिथे तिच्यावर आकाश कोसळलं. खालचे डबे, ट्रकांचे भोंगे, पोरांच्या पावलांची धडधड, हे सगळं एकदम, अर्थाशिवाय, तिच्या डोक्यात शिरलं. ती किंचाळली. यंत्र ओरबाडून तिने फेकून दिलं आणि चौकटींच्या कपाटामागे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर तिने अंग टाकून दिलं. तिसऱ्या दिवशीही तेच. आई वरच्या ताईकडे न बघता म्हणाली, "राहू दे. घरी ठेवते."

ताई मोठ्या बाईंकडे गेली. बाई आता घराबाहेर पडत नसत. खिडकीपाशी आरामखुर्चीत, पायांवर पांघरूण. डोकं मात्र लख्ख. ताईने सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पोरगी तुझ्याकडे सुखात होती ना? तिचे हात किती तयार झाले बघ. प्रत्येक मूल आपल्या वेळेला उमलतं. तूही थोडा वेळ दे."

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शब्द तेच होते, सूर तोच, वाक्याच्या शेवटी हलकेच हसणंही तेच. जिन्यात उभ्या असलेल्या मुंगीच्या आईला आपण असेच दिसलो असू, असंच ऐकू आलो असू. ताईला तिथे बसवेना. "येते," म्हणून ती उठली. बाई म्हणाल्या, "चहा तरी घे." तिने घेतला नाही. पुन्हा ती त्या घरी गेली नाही. बाई गेल्या तेव्हा दारापर्यंत जाऊन परत फिरली.

बालवाडीत तिने सगळ्या पोरांचे कान तपासून घेतले. डोळेही. सगळं ठीक निघालं. खरं तर तिथे तिचं समाधान व्हायला हवं होतं, पण एकदा बसलेला धसका निघाला नाही. एखादं पोर शांत बसलेलं दिसलं की ती मागून जाऊन टाळी वाजवायची, नाव घेऊन बोलवायची, हे काय आहे सांग, तो रंग कुठला सांग, असं विचारत सुटायची. पोराच्या हातातलं काम अर्धवट राहायचं. पाणी ओतणारी पोरं आता तिची सावली पडली की पेला खाली ठेवून तिच्याकडे बघत बसायची, आता काय विचारते म्हणून. खोलीतली शांतता गेली. तिच्या जागी आली ती दबून बसलेली गप्पगप्प पोरं.

धाकट्या ताईने बरेच दिवस सहन केलं. मग एका दुपारी, पोरं गेल्यावर, केर काढता काढता ती म्हणाली, "ताई, एक बोलू? पोरं तुम्हाला घाबरायला लागलीत."

"मला माहीत आहे."

"मग थांबा ना थोडं. पूर्वी कशा नुसत्या बघत बसायचात."

"मी बघत नव्हते गं," ताई म्हणाली. "मला वाटायचं मी बघतेय."

वर्ष संपलं तेव्हा तिने किल्ल्या धाकट्या ताईच्या हातात दिल्या. निरोपाला पालक जमले होते, चांगलं बोलले. मुंगीची आई आली नव्हती, पण ताई रस्त्याने जाताना दुकानाच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तिला बाहेरगावच्या शाळेत घातलंय. बहिऱ्या मुलांच्या. तिथेच राहायचं. हातांनी बोलायला शिकवतात."

"मी एकदा येऊ का भेटायला? तुमच्याबरोबर?"

आई जरा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला जाईन तेव्हा या."

लांबचा बसचा प्रवास. दोघी शेजारी बसल्या, बोलल्या जेमतेम. शाळेच्या अंगणात पोरं खेळत होती. आवाज नव्हता असं नाही, ओरडत होती, हसत होती, पण सगळ्यांचे हात सारखे चालू. मुंगी उंच झाली होती. कानात यंत्र नव्हतं. आईला बघून ती धावत आली, बिलगली, आणि मग मागे सरून हातांनी काहीतरी सांगू लागली. आईने पिशवी खाली ठेवली आणि स्वतःची बोटं जुळवायचा प्रयत्न केला. तिला मोजक्या खुणा येत होत्या. जेवलीस का, झोपतेस का, दुखतं का. मुंगीने तिन्हींची उत्तरं दिली आणि पुढे बोलत राहिली. आई नुसती हसत, मान डोलवत राहिली.

मग मुंगीला ताई दिसली. ती ओळखेल असं ताईला वाटलं नव्हतं. पण पोरगी जवळ आली, तिने ताईच्या गालाला बोट लावून बघितलं, आणि तिचे हात चालू झाले. भराभर, लांबलचक, मध्ये थांबून, भुवया उंचावून, पुन्हा. ती काहीतरी विचारत होती. निदान चेहरा विचारल्यासारखा होता. ताईने आईकडे बघितलं.

"मला नाही कळत," आई म्हणाली. "एवढं नाही कळत."

मुंगीने पुन्हा सांगितलं, हळू. मग अजून हळू, एकेक खूण वेगळी करून, जशी लहान मुलाला सांगावी. ताईने हात वर केले, पण त्या हातांना काय करायचं ते माहीत नव्हतं. पोरीने जरा वेळ वाट बघितली. मग तिचे हात खाली आले, आणि ती वळून मैत्रिणींकडे पळाली. तिथे पोचेपर्यंत तिची बोटं पुन्हा चालायला लागली होती. ताईने तिथल्या एखाद्या शिक्षिकेला विचारायचं ठरवलं, पण जेवणाची वेळ झाली, पोरं आत गेली, आणि पहारेकऱ्याने फाटक लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. अर्धा रस्ता गेल्यावर ती बाहेर बघतच बोलली.

"ताई, तुम्ही वाईट नाही. मी कुणाजवळ तुमच्याबद्दल वाईट बोलले नाही."

"मला माहीत आहे."

"तिला तिथे बोलायला माणसं मिळाली. घरी येते तेव्हा दोन दिवसांत कंटाळते. माझ्याशी काय बोलणार? मी शिकते, पण माझी बोटं शिवणाची. वळत नाहीत." ती थोडी थांबली. "आम्ही वेळेवर गेलो असतो तरी कदाचित असंच झालं असतं. डॉक्टर सांगत नाही ठाम. पण मी त्याचाच विचार करते. तुम्ही समोर असलात की जास्त करते. म्हणून परत नका येऊ माझ्याबरोबर."

"नाही येणार," ताई म्हणाली.

थांबा आला तेव्हा दोघी उतरल्या आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी गेल्या. त्यानंतर ताई दुकानावरून जायची वेळ आली तर पलीकडच्या फुटपाथने जायची. तिने दुसरं कुठलं काम धरलं नाही. नवरा छापखान्यातून घड्या घालायचे कागद घरी आणून द्यायचा, ती घालत बसायची. थट्टा करायचं त्याने सोडून दिलं होतं.

पण मुंगीला भेटून ती घरी आली त्या संध्याकाळी तो दारात वाट बघत होता. तिने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. त्याने पाण्याचं भांडं भरून तिच्या हातात दिलं.

"भेटली पोरगी?"

"भेटली."

"बोलली का काही?"

"खूप बोलली," ताई म्हणाली. "मला कळलं नाही."

ती पाणी प्यायली नाही. भांडं हातात धरून ती तशीच बसून राहिली, आणि जरा वेळाने त्यानेच ते तिच्या हातातून काढून घेतलं.